यकृद्दाल्युदर आणि गलगंड : नांवांची प्राचीनता व ज्ञानाची अर्वाचीनता

यकृत् कठीण होऊन त्यांत गांठी उत्पन्न होण्याच्या ज्या विकारास पाश्चात्त्य वैद्यक ‘सिरोसिस’ म्हणतें, तो विकार आणि गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें कार्य यांचा परस्पर निकट संबंध आहे, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रयोगानें सिद्ध झाली. सिद्धांत नवा असला तरी ज्या दोन रोगांशीं तो निगडित आहे ते उदर व गलगंड आमच्या वैद्यकग्रंथांत फार प्राचीन काळापासून नांवानिशीं आलेले आहेत. तेव्हां हा संबंध आमच्या पूर्वाचार्यांस ठाऊक होता काय, असा प्रश्न जुन्या पोथ्या चाळणाराच्या मनांत सहजच उभा राहतो. ‘होता’ असें उत्तर देण्याचा मोह मोठा आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही मूळ ग्रंथांतील पुरावा वाचकांपुढें ठेवून या प्रश्नाचा निकाल लावूं इच्छितों. हा वाद केवळ स्वदेशाभिमानाचा नाहीं. वैद्यकपोथीच्या सूचींत आपण रोगाचें जें नांव लिहितों, तेंच पुढें छापील पुस्तकांत जातें, पुस्तकांतून औषधाच्या बाटलीवर जातें, आणि बाटलींतून रोग्याच्या पोटांत जातें. यास्तव सूचिकाराची लेखणी येथें वैद्याच्या हाताइतकीच जबाबदारीची आहे.

१. यकृत् या शब्दाचा इतिहास

प्रथम शब्दाचा विचार करूं. यकृत् हा शब्द वेदकालीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १६३ व्या सूक्तांत शरीराच्या एकेका अवयवांतून यक्ष्मा बाहेर काढण्याची प्रार्थना आहे. त्या अवयवांत यकृताची गणना केलेली आहे. या शब्दाचीं रूपें ‘यकृत्’ व ‘यकन्’ अशा दोन अंगांवरून चालतात, आणि पाणिनीनें सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत या ‘यकन्’ आदेशाची नोंद घेतली आहे. एकाच शब्दाचीं अशीं दोन अंगें असणें हें त्याच्या अतिप्राचीनतेचें लक्षण होय. लॅटिन भाषेंतील ‘येकुर’ आणि आपल्या नित्य परिचयाचा फारसी ‘जिगर’ हे याच शब्दाचे सगोत्र आहेत. अमरसिंहानें ‘कालखंड’ असा यकृताचा पर्याय दिला आहे, तो अर्थात् त्याच्या काळसर वर्णावरून.

मराठींत मात्र एक अडचण आहे, आणि बाडें वाचणारानें ती ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ‘काळीज’ हा शब्द आपण बोलतांना बहुधा हृदयाच्या अर्थीं योजतों. पण खाटकाच्या दुकानांत काळीज मागितलें असतां यकृत् मिळतें. तेव्हां एखाद्या मोडी बाडांत ‘काळजाचा विकार’ असे शब्द आढळल्यास ते यकृताविषयीं आहेत कीं हृदयाविषयीं, हें पुढील लक्षणांवरूनच ठरवावें लागतें. केवळ शब्दावरून ठरत नाहीं.

२. उदररोग व यकृद्दाल्युदर

चरकसंहितेच्या विमानस्थानांत यकृत् व प्लीहा हीं रक्तवाही स्रोतसांचीं मूळें म्हटलीं आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत आहाराचा रस यकृत्-प्लीहांत येऊन रंजक पित्ताच्या योगानें तांबडा होतो, असें प्रतिपादन आहे. यकृत् हें आलेल्या द्रव्यांत पालट घडवून आणणारें स्थान आहे, ही कल्पना त्यांत स्पष्ट आहे.

रोगांच्या बाजूनें पाहतां चरकाच्या चिकित्सास्थानाचा तेरावा अध्याय उदररोगास वाहिलेला आहे. त्यांत वातोदर, पित्तोदर, कफोदर, सन्निपातोदर, प्लीहोदर, बद्धगुदोदर, छिद्रोदर व उदकोदर असे आठ भेद आहेत. यकृताच्या उदरास यांत वेगळें स्थान नाहीं. हेतु, लक्षणें आणि औषध समान असल्यामुळें त्याचा अंतर्भाव प्लीहोदरांतच केला आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांतील सातव्या अध्यायांत डाव्या बाजूच्या प्लीहोदरासारखाच विकार उजवीकडे यकृताच्या दुष्टीनें झाला म्हणजे त्यास ‘यकृद्दाल्युदर’ म्हणावें, असें सांगितलें आहे. माधवनिदानांत हेंच नांव पुढें चालू राहिलें. ‘दल्’ या धातूचा अर्थ फुटणें, विदीर्ण होणें असा आहे. म्हणजे यकृत् विदीर्ण करणारा तो यकृद्दाली.

सांप्रतचे पुष्कळ लेखक यकृद्दाल्युदर म्हणजेच सिरोसिस असें समीकरण मांडतात. हें समीकरण अर्धें खरें व अर्धें खोटें आहे. पोटांत पाणी होणें, उजव्या कुशींत कठीण वृद्धि हातास लागणें, अग्निमांद्य व कृशता येणें हीं चिन्हें सिरोसिसांत आढळतात, यांत संशय नाहीं. परंतु हिंवतापानें वाढलेलें यकृत्, यकृतांतील अर्बुद, हृदयाच्या दौर्बल्यानें रक्त साठून सुजलेलें यकृत्, या सर्वांची गणना प्राचीन वैद्यानें याच नांवाखालीं केली असती. त्याच्यापुढें रोग्याचें पोट होतें. कापून पाहिलेलें रोगट यकृत् नव्हतें.

आमच्या आचार्यांची खरी थोरवी अन्यत्र आहे, आणि ती दाखविल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील चौदाव्या अध्यायांत जलोदराचें पाणी काढण्याचा विधि आहे. नाभीच्या खालीं, रोमराजीपासून डावीकडे चार अंगुळें सोडून, व्रीहिमुख शस्त्रानें अंगुष्ठोदराइतका वेध करावा. नळी घालून पाणी काढावें. पण सर्व पाणी एकाच दिवशीं काढूं नये, कारण तसें केल्यास तृष्णा, ज्वर, श्वास इत्यादि उपद्रव होतात. तें दिवसांचें अंतर टाकून थोडें थोडें काढावें. आणि पाणी निघाल्यावर पोट लोंकरीच्या किंवा रेशमी वस्त्रानें अथवा चामड्यानें घट्ट आवळावें. पुढें सहा महिने दुधावर ठेवून मग क्रमाक्रमानें अन्नावर आणावें. आजचे वैद्यही एका वेळीं पांच लिटरांहून अधिक पाणी काढल्यास रक्ताभिसरण ढांसळूं नये म्हणून शिरेवाटे अल्ब्युमिन देतात. उपाय निराळा, पण धोका तोच. त्याचप्रमाणें उदररोग्यानें लवण व जलपान टाळावें, हें चरकाचें सांगणें आजच्या मीठ कमी करण्याच्या पथ्याशीं जुळणारें आहे. हें ज्ञान अनुभवानें मिळविलेलें आहे व तें ग्रंथांत स्पष्ट शब्दांनीं लिहिलेलें आहे. त्यासाठीं अर्थ ओढून ताणून काढावा लागत नाहीं.

३. गलगंड, आणि ‘अवटु’ या शब्दाची दशा

आतां गळ्याकडे वळूं. चरकानें सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायांत शोथांचें वर्णन करितांना गळ्याच्या बाहेरच्या बाजूस कफ सांचून हळूहळू होणाऱ्या सुजेस गलगंड म्हटलें आहे. सुश्रुताच्या निदानस्थानांतील अकराव्या अध्यायांत त्याचे वातज, कफज व मेदोज असे तीन भेद दिले असून गळ्याशीं लोंबणारी सूज असें त्याचें स्वरूप सांगितलें आहे. ज्या रोग्यास श्वास कष्टानें घेतां येतो, ज्याचीं सर्व गात्रें मृदु झालीं आहेत, ज्याचा रोग वर्षाहून जुना आहे, ज्यास अरुचि व क्षीणता आली आहे आणि ज्याचा आवाज फुटला आहे, असा गलगंडी वैद्यानें सोडून द्यावा, असाही तेथें निर्देश आहे.

येथेंच मोहाचें स्थान आहे. थायरॉइडचें कार्य मंदावलें असतां अंग फुगीर होतें व आवाज घोगरा होतो, हें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत गल यानें १८७३ सालीं व ऑर्ड यानें १८७८ सालीं वर्णिलें. तेव्हां सुश्रुताचें ‘मृदुसर्वगात्र’ हें विशेषण म्हणजे हाच विकार, असें कोणी म्हणूं लागल्यास नवल नाहीं. परंतु प्रकरण पाहिलें पाहिजे. तो असाध्य लक्षणांचा पाठ आहे. मोठ्या गलगंडानें श्वासनलिका दाबली जाऊन खंगत चाललेल्या रोग्याचें तें चित्र आहे. गात्रांचें मार्दव येथें क्षीणतेच्या सोबतीस आलें आहे. एका विशेषणावर एवढी मोठी इमारत उभारणें पाठसमीक्षेच्या कोणत्याही नियमास धरून नाहीं.

शिवाय थायरॉइड ग्रंथीस प्राचीन संस्कृतांत नांवच नाहीं. गलगंड हें रोगाचें नांव आहे, ग्रंथीचें नव्हे. आज मराठींत तिला ‘अवटु ग्रंथि’ म्हणतात आणि शब्द संस्कृत असल्यामुळें तो प्राचीन असावा असा समज होतो. पण अमरकोश उघडून पाहावा. तेथें अवटु, घाटा व कृकाटिका हे पर्यायशब्द आहेत, आणि त्यांचा अर्थ मानेची मागील बाजू असा आहे! मानेच्या मागचें नांव अर्वाचीन परिभाषाकारांनीं गळ्याच्या पुढच्या ग्रंथीस दिलें. व्यवहारास तें चालेल. परंतु एखाद्या पोथींत ‘अवटु’ शब्द आढळला म्हणून तेथें थायरॉइडचा उल्लेख आहे असें समजणें म्हणजे कालाचा उलटा प्रवास होय. पाश्चात्त्यांचीही गोष्ट फार निराळी नाहीं. टॉमस व्हॉर्टन यानें १६५६ सालीं ढालीवरून ‘थायरॉइड’ हें नांव योजिलें. पण ग्रंथीचें प्रयोजन सांगतांना तिनें मानेस गोलाई येऊन शोभा येते, असेंही एक कारण त्यानें दिलें. लेनेक यानें १८१९ सालीं ‘सिरोसिस’ शब्द काढला तो गांठींच्या पिंगट वर्णास उद्देशून, ग्रीक ‘किरोस’ या शब्दावरून. म्हणजे कालखंडाप्रमाणेंच सिरोसिस हेंही नांव रंगावरून पडलेलें आहे. नांव पडलें तेव्हां ज्ञान झालें, असें पूर्वेस झालें नाहीं आणि पश्चिमेसही झालें नाहीं.

४. एकाच वाक्यसमूहांत दोन्ही रोग

सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील पंचेचाळिसाव्या अध्यायांत निरनिराळ्या पर्वतांपासून निघणाऱ्या नद्यांच्या पाण्याचे दोष सांगितले आहेत. आमच्या सह्याद्रीच्या नद्यांवर कुष्ठाचा आरोप आहे, तो महाराष्ट्रीय वाचकांनीं शांतपणें सोसावा. महेन्द्र पर्वताच्या नद्या श्लीपद व उदर उत्पन्न करितात; आणि हिमालयाच्या नद्या हृद्रोग, शोथ, शिरोरोग, श्लीपद व गलगंड उत्पन्न करितात, असें तेथें म्हटलें आहे.

हा उतारा दोन कारणांनीं महत्त्वाचा आहे. पहिलें असें कीं, यांत हिमालयाच्या पायथ्याच्या लोकांत गलगंड विशेष आढळतो, हें निरीक्षण नोंदलेलें आहे व तें अगदीं सत्य आहे. पाऊस व हिमनद्या यांनीं तेथील मातींतील आयोडीन धुऊन गेल्यामुळें हा रोग होतो. स्वातंत्र्योत्तर काळांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं कांगडा खोऱ्यांत १९५६ सालापासून आयोडीनयुक्त मिठाचा दीर्घ प्रयोग करून हें दाखवून दिलें, आणि त्यावर आधारून १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्राचीनांनीं देश बरोबर ओळखला, कारण पाण्यांत शोधलें. कारण मात्र पाण्यांतील आधिक्य नसून मातींतील उणीव होती.

दुसरें कारण आमच्या प्रस्तुत प्रश्नाशीं निगडित आहे. येथें उदर व गलगंड हे दोन्ही रोग शेजारीं शेजारीं आले असून ग्रंथकर्त्यानें ते दोन निरनिराळ्या पर्वतांच्या वांट्यास दिले आहेत. या दोहोंत आंतरिक संबंध आहे अशी शंका त्यास असती, तर ती प्रकट करण्यास याहून सोयीचें स्थळ नव्हतें.

५. संबंध कसा उलगडला

संबंध उलगडण्यास रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञास १८११ सालीं समुद्रशेवाळाच्या राखेंत आयोडीन सांपडलें. १८२० सालीं जिनीव्हाच्या क्वांदे यानें तें गलगंडावर वापरलें. १८९५ सालीं बाउमान यास खुद्द थायरॉइड ग्रंथींत आयोडीन आढळलें. १९१४ च्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत केंडल यानें ग्रंथीचा स्राव स्फटिकरूपानें वेगळा केला, हेंच थायरॉक्सिन. १९२६-२७ मध्यें हॅरिंग्टन यानें त्याची घडण ठरविली व बार्जर याच्या साहाय्यानें तें कृत्रिम रीतीनें तयार केलें. त्याच्या एका कणांत आयोडीनचे चार परमाणु असतात. १९५२ सालीं ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांनीं तीन परमाणूंचें दुसरें द्रव्य शोधलें. संक्षेपानें पहिल्यास टी-४ व दुसऱ्यास टी-३ म्हणतात. टी-३ हेंच अधिक प्रभावी. १९७० सालीं ब्रेव्हरमन, इंगबार व स्टर्लिंग यांनीं ज्यांची थायरॉइड ग्रंथि कार्यहीन आहे अशा रोग्यांस केवळ टी-४ दिलें असतां त्यांच्या रक्तांत टी-३ निर्माण झालेलें दाखविलें. म्हणजे ग्रंथीबाहेरच, इतर अवयवांत, चार परमाणूंतील एक काढून टाकण्याची क्रिया चालते.

या क्रियेचें एक मुख्य स्थान यकृत् आहे. शरीरांतील टी-३ पैकीं सुमारें पांचांतील चार भाग अशा रीतीनें ग्रंथीबाहेर तयार होतात. शिवाय हीं द्रव्यें रक्तांतून वाहून नेणारीं प्रथिनेंही यकृतच बनवितें. यावरून यकृत् बिघडलें असतां काय होईल याचा अंदाज येतो. १९७५ सालीं नोमुरा व त्याचे सहकारी यांनीं सिरोसिसच्या रोग्यांवर मोजमाप करून टी-४ चें टी-३ मध्यें होणारें रूपांतर घटतें, असें प्रत्यक्ष दाखविलें. अशा रोग्यांत टी-३ उणें पडतें. आयोडीनचा भलताच परमाणु निघाल्यानें होणारें निष्क्रिय, म्हणजे उलट टी-३, वाढतें. आणि तरीही मेंदूकडून ग्रंथीस येणारी आज्ञा बहुधा नेहमींइतकीच असते. यकृताची दुर्दशा जितकी अधिक, तितकें टी-३ सामान्यतः कमी. म्हणून येथें ग्रंथि रोगट आहे असें लागलीच समजूं नये, आणि केवळ टी-३ उणें म्हणून बाहेरून तें भरूं नये, असें जाणते वैद्य सांगतात.

उलट दिशेनेंही संबंध आहे. ग्रंथि अति वेगानें काम करूं लागली असतां यकृतास इजा होऊन कावीळ होते. ग्रंथि फार मंदावली असतां क्वचित् पोटांत पाणीही होतें व तें सिरोसिसच्या पाण्याचा भ्रम उत्पन्न करितें. ग्रंथीस आवर घालणारें प्रोपिलथायोयुरॅसिल हें औषध १९८७ सालीं मद्यजन्य यकृद्विकारावर उपकारक म्हणून प्रसिद्ध झालें. पुढील परीक्षणांत तो लाभ टिकला नाहीं, आणि त्याच औषधानें यकृतास गंभीर अपाय होऊं शकतो अशी ठळक सूचना २०१० सालीं अमेरिकेंत त्यावर आली. तेथेंच मार्च २०२४ मध्यें रेस्मेटिरॉम नांवाच्या औषधास परवानगी मिळाली. तें यकृतांतील थायरॉइड-संवेदी स्थानांवर काम करितें व मेदजन्य यकृद्विकारांत तंतु वाढूं लागले असतां, पण सिरोसिस होण्यापूर्वीं, देतात.

एका लिटर रक्तद्रवांत टी-३ सुमारें एक ते दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमाच्या दहा लाखाव्या भागाएवढें, असतें. ज्या कालीं नाडी, डोळे व हात हींच वैद्याचीं साधनें होतीं, त्या कालीं हें जाणणें बुद्धीच्या उणेपणामुळें नव्हे तर साधनांच्या अभावीं अशक्य होतें.

६. निर्णय व पोथीसंग्राहकांस सूचना

एवंच, आमचा निर्णय असा. यकृताचें उदर प्राचीनांस माहीत होतें. गलगंड माहीत होता. त्याचा देशही माहीत होता. या दोहोंमधील संबंध त्यांस माहीत नव्हता, आणि तो माहीत होता असें दाखविणारा पाठ चरक, सुश्रुत व माधवनिदान यांत नाहीं. असें म्हटल्यानें पूर्वजांचा यत्किंचितही उपमर्द होत नाहीं. ज्यानें पाणी एकदम काढूं नये असें लिहून ठेवलें, त्यास टी-३ चें उसनें भूषण कशाला?

संग्राहकांस तीन गोष्टी सुचवून आम्ही लेख आवरतों. वैद्यकपोथीची सूचि करितांना रोगाचें नांव पोथींत असेल त्याच अक्षरांनीं लिहावें. ‘यकृद्दाल्युदर’ खोडून ‘सिरोसिस’ किंवा ‘गलगंड’ खोडून ‘अवटुरोग’ लिहूं नये. नांवाबरोबर लक्षणें व पथ्य यांचीं पत्रें नोंदावीं, कारण रोगाची ओळख नांवांत नसून तेथें असते. आणि समासांतील टिपा टाकून देऊं नयेत. काढ्याचें प्रमाण बदललेलें, एखाद्या द्रव्यावर फुली मारलेली, ‘यानें गुण नाहीं’ असा शेरा असलेला, अशा ज्या ज्या खुणा असतील त्या उतरून घ्याव्या. मूळ ग्रंथ शेंकडों प्रतींत मिळतो व निर्णयसागराच्या छापखान्यानें यादवजी त्रिकमजी आचार्यांकडून सुश्रुत १९३८ सालीं व चरक १९४१ सालीं शोधवून छापलेही. पण समासांतला अनुभव त्या एकाच प्रतींत असतो.

अशा पोथींतील योग पाहून कोणी जलोदराचा रोगी ‘हें सिरोसिसचें प्राचीन औषध काय?’ असें विचारूं लागला, तर संग्राहकानें त्यास पोथी अवश्य दाखवावी, परंतु औषधासाठीं जाणत्या वैद्याकडेच पाठवावें. पोथी सांगते तेवढें सांगणें हाच संशोधकाचा धर्म होय. तिनें न सांगितलेलें तिच्या मुखीं घातल्यास पोथीचाही घात होतो आणि रोग्याचाही.